किल्टवर स्पॉरन की कमरेचा पाउच? लांब चालताना काय बांधावं?

क्लाइडकाठ | ३ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

ग्लासगोत राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्राच्या लग्नात पहिल्यांदा भाड्याचा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा, कमरेभोवती गुंडाळायचा निऱ्यांचा पोशाख) नेसलो आणि त्याच दिवशी त्या कपड्याच्या प्रेमात पडलो. पुढे पैसे साठवून माझ्या मापाचा शिवून घेतला.

येत्या मे महिन्यात आम्ही चौघं वेस्ट हायलंड वे चालणार आहोत. मलगाय (पाटी वाचून कुणीही ‘मिल्नगावी’ म्हणेल, पण उच्चार मलगाय) ते फोर्ट विल्यम, १५४ किलोमीटर, सात दिवस. मला ही सगळी वाट किल्टमध्ये चालायची आहे.

आमच्या शेजारचे आजोबा आता ७४ वर्षांचे आहेत. ही वाट १९८० मध्ये अधिकृतपणे खुली झाली, त्यानंतर दोनच वर्षांनी ते ती किल्टमध्ये चालले होते. परवा त्यांनी मला घरी बोलावलं, कपाटातून तेव्हाचा आपला स्पॉरन काढला आणि माझ्या हातात ठेवला. तपकिरी चामडं, झाकणावर तीन गोंडे. झाकण उघडताना अंगठा जिथे टेकतो तिथे चामडं काळं पडून गुळगुळीत झालंय. म्हणाले, “घेऊन जा, त्याला वाट माहीत आहे.”

आता अडचण सांगतो. माझा फोन त्यात आडवा जात नाही, आणि उभा घातला तर झाकण लागत नाही. मला दम्याचा पंप जवळ लागतो. डास-चिलटांचं औषध लागतं (हायलंडातली, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातली, मिज नावाची चिलटं ज्यांना चावली आहेत त्यांना सांगायला नको). किल्टला खिसा एकही नाही. बायको म्हणते, सरळ कमरेचा पाउच बांध, चेनचा, वॉटरप्रूफ. तिचंही बरोबर आहे. पण किल्टवर नायलॉनचा पाउच बांधला की आजोबांना काय वाटेल, आणि मला स्वतःला काय वाटेल, हे काही केल्या ठरत नाही.

किल्टमध्ये लांब चालला आहात का कुणी? पाउच, स्पॉरन की दोन्ही?


रानवाट | ३ एप्रिल, रात्री १०.०५

आधी त्या स्पॉरनचा फोटो टाका. बाकी नंतर बोलू.


माजघर | ३ एप्रिल, रात्री १०.३१

स्पॉरन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कुणी लिहील का? मी फोटोत बघितलंय, पुढे लोंबणारी केसाळ पिशवी. ती शोभेची असते असंच मला वाटत होतं.


दोनकाड्या | ४ एप्रिल, सकाळी ७.१५

माजघर, मी लिहितो. एडिंबराच्या एका पाइप बँडमध्ये नऊ वर्षं साइड ड्रम वाजवतोय, त्यामुळे वर्षाचे निम्मे शनिवार किल्टमध्येच जातात.

गेलिक भाषेत ‘स्पॉरन’ या शब्दाचा अर्थच मुळी पैशांची पिशवी. शोभा नंतर आली. ढोबळमानाने तीन-चार प्रकार दिसतात. रोजच्या वापराचा, साध्या चामड्याचा, तपकिरी किंवा काळा. क्लाइडकाठ यांना मिळालाय तो हाच. दुसरा लग्नाकार्याचा, पुढे सीलची किंवा दुसऱ्या प्राण्याची कातडी आणि वर चांदीसारखी चकाकणारी धातूची कड. त्या कडेला कँटल म्हणतात. तिसरा घोड्याच्या केसांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. माजघर, तुम्ही पाहिलात तो हा, आम्हा बँडवाल्यांचा आणि पलटणींचा. त्यावरच्या गोंड्यांच्या संख्येवरून पलटण ओळखू येई. ब्लॅक वॉचचे पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे, आर्गाइल पलटणीच्या शिपायांचे सहा. चालताना ते सहाही गोंडे एका तालात हलतात. बघत राहावं असं दृश्य असतं. चौथा प्रकार बिज्जू, कोल्हा असल्या प्राण्याचं अख्खं तोंड झाकणावर असलेला. मला तो आवडत नाही.

बांधायचं माप सोपं आहे. पट्ट्याच्या बकलाखाली चार बोटं सोडायची, तिथे स्पॉरनची वरची कड आली पाहिजे. नवखी माणसं तो पोटावर बांधतात आणि मग तो पाउचसारखा दिसतो. नाचताना किंवा गाडी चालवताना तो डाव्या कुल्ल्यावर सरकवायचा. बसताना मांड्यांच्या मधे येऊ द्यायचा, म्हणजे पुढचा पदर दबून राहतो आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. वाऱ्यातही तोच उपयोग.

आता तुमच्या प्रश्नाकडे. स्पॉरनला साखळी असेल तर ती लांबच्या चालीला नेऊ नका. मागे निऱ्यांवर साखळी घासते आणि दोन दिवसांत लोकरीवर रेघ उमटते. माझ्या पहिल्या किल्टवर ती रेघ अजून आहे. सपाट चामड्याचा पट्टा लावा.


सुरगाठ | ४ एप्रिल, सकाळी ९.०२

दोनकाड्या, ‘निऱ्या’ आणि ‘पदर’ हे शब्द वाचून फार बरं वाटलं. आणि धागाकर्त्यांनी किल्ट ‘नेसलो’ लिहिलंय, ‘घातला’ नाही. अगदी बरोबर. गुंडाळतात ते नेसतात, शिवलेलं घालतात. पूर्वी तर म्हणे सबंध कापडच अंगाभोवती गुंडाळत?


दोनकाड्या | ४ एप्रिल, सकाळी ९.२०

हो. आणि पुरा किल्ट आठ वारांचा असतो. पन्हा दुप्पट असला तर चार वार घेऊन मधोमध कापतात, पण हिशेब आठ वारांचाच.


सुरगाठ | ४ एप्रिल, सकाळी ९.२४

म्हणजे आमच्या आजीचं नऊवारी आणि तुमचं आठवारी! एका वाराने मागे आहात.


रानवाट | ४ एप्रिल, सकाळी ९.३०

आठवारी! मी तर यापुढे किल्टला आठवारीच म्हणणार.


देवराई | ४ एप्रिल, दुपारी १.४८

मी स्पष्ट विरोधात आहे, राग मानू नका.

आपण त्यांच्या देशात त्यांचा पोशाख करतोय. उद्या कुणी स्कॉटिश माणूस धोतर नेसून, वर पट्टा आवळून, त्याला प्लॅस्टिकच्या बकलाचा पाउच लावून आपल्या घरी सत्यनारायणाला आला तर आपण हसून स्वागत करू. पण मनात येईल की याला कुणी नीट सांगितलं नाही. पोशाखाचा सन्मान करायचा तर पुरता करावा. आजोबांनी विश्वासाने वस्तू दिली आहे. फोनसाठी ती घरी ठेवून जाणं मला पटत नाही. फोन सॅकमध्ये टाका.


मृगनक्षत्र | ४ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

देवराई, भावना पोचली, पण ‘पुरता पोशाख’ म्हणजे नेमका कोणत्या काळातला?

सोळाव्या-सतराव्या शतकातला हायलंडर मोठं ब्लँकेटसारखं कापड जमिनीवर पसरायचा, त्याच्या निऱ्या घालायचा, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा बांधायचा आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचा. रात्री तेच पांघरूण. त्याचा स्पॉरन म्हणजे हरणाच्या कातड्याची, नाडीने आवळायची साधी पिशवी. तिच्यात दाणागोटा, चकमक, चार नाणी. कामाची पिशवी.

मग कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलंडरांचा पराभव झाला आणि १७४६ चा कायदा आला. १ ऑगस्ट १७४७ पासून सैन्याबाहेरच्या पुरुषांना हायलंडचा पोशाख करायला बंदी. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. हा कायदा १७८२ मध्ये उठला. दरम्यान पस्तीस वर्षं गेली, म्हणजे एक आख्खी पिढी. त्या काळात हा पोशाख टिकला तो प्रामुख्याने पलटणींत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा सोहळा आखला, आणि बडे लोक नटून किल्टमध्ये आले. आज लग्नात दिसणारा झुलता, चकचकीत स्पॉरन या पलटणींच्या आणि दरबाराच्या परंपरेतून आलाय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात किल्टवर पुढून खाकी कापडाचं आवरण बांधायला सुरुवात झाली, शत्रूला टार्टन (किल्टचं रंगीत चौकटींचं कापड) लांबून दिसू नये म्हणून. त्या खाकी आवरणाला पुढे एक खिसा शिवलेला असे, स्पॉरनच्या जागी. पहिल्या महायुद्धातही तेच. म्हणजे जीव धोक्यात होता तेव्हा खुद्द हायलंडरांनी स्पॉरन बराकीत ठेवला आणि साधा कापडी खिसा वापरला. मग चिखलातून सात दिवस चालणाऱ्या आपल्या मित्राने पाउच बांधला तर परंपरा मोडली असं मी तरी म्हणणार नाही.


देवराई | ४ एप्रिल, रात्री ८.३३

खाकी आवरणाची माहिती नवी होती, धन्यवाद. तरी एक सांगतो. तो खिसा त्या पोशाखासाठी शिवलेला होता. दुकानातला तयार पाउच तसा नाही.


शिलाईवाली | ५ एप्रिल, सकाळी ११.१५

देवराईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. त्यापुढे माझ्या धंद्यातलं थोडं लिहिते. पुण्यात सॅक, पाउच शिवायचं छोटं वर्कशॉप आहे माझं. ट्रेकर मंडळींची शिलाई उसवलेली सामानं रोज हातात येतात.

तयार पाउचचे तीन दोष लोकरीवर हमखास त्रास देतात. एक, पाठीला लावलेली खरखरीत जाळी. घाम यावा-जावा म्हणून ती असते, पण दिवसभर लोकरीवर घासली की कापडावर गोळे धरतात. दोन, वेल्क्रो. त्याची काट्यांची बाजू जरा उघडी राहिली तर लोकरीचे धागे उपसून काढते. मी एका गिऱ्हाइकाची काश्मिरी शाल पाउचच्या वेल्क्रोतून सोडवली आहे. अर्धा तास सुईच्या टोकाने एकेक धागा मोकळा केला आणि तरीही तळहाताएवढी जागा विरविरीत झाली ती झालीच. तीन, पट्टी. साध्या पाउचला एक इंचाची नायलॉन पट्टी असते. वजन भरलं की तिला पीळ पडतो आणि ती रुतते. दीड इंची घ्या.

आणि पाउच मागे निऱ्यांवर अजिबात नको. ओल्या लोकरीवर दाब बसला की भलत्याच जागी घड्या पडतात.

माझं मत विचाराल तर पाठीला जाळीऐवजी मऊ कॅनव्हास असलेला, चेनचा, वेल्क्रो नसलेला छोटा पाउच डाव्या कुशीला. किंवा याच मापाची चामड्याची थैली पट्ट्यात ओवून घ्या.


भुईकमळ | ५ एप्रिल, दुपारी १२.४०

माझ्या आजोबांचं धोतर आठवलं. त्यालाही खिसा नाही. सुट्टे पैसे कनवटीला. पान-सुपारी चंचीत. चंचीला सुपारीचा कप्पा वेगळा, लवंग-वेलदोड्याचा वेगळा, चुन्याची डबी आणि अडकित्ता मधोमध. गुंडाळी करून बंदाने आवळायची. बाजाराला बैल घ्यायला जाताना मात्र कमरेला कसा. कापडी, लांबट, नळीसारखा. त्यात रुपये भरले की मधे गाठ मारायची आणि सदऱ्याच्या आत पोटाशी बांधायचा. झोपतानाही सोडायचे नाहीत.

म्हणजे एका माणसाकडे तीन जागा. रोजच्याला कनवट, चारचौघांत बसायला चंची, जोखमीला कसा. कुणी म्हटलं नाही की चंचीच खरी आणि कसा खोटा.

तुम्हीही तसंच करा. लग्नाला स्पॉरन, डोंगरात पाउच.


माजघर | ५ एप्रिल, दुपारी १.०५

भुईकमळ, काय आठवण काढलीत! आमच्या आजीच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असायचा, चांदीच्या छल्ल्याला अडकवलेला. ती माजघरात येतेय हे आवाजावरूनच कळायचं आणि आम्ही लाडवाच्या डब्याचं झाकण लावायचो.

एक विचारू का? किल्ट नेसणाऱ्या बायका स्पॉरन लावतात का?


दोनकाड्या | ५ एप्रिल, दुपारी १.५०

आमच्या बँडमधल्या सगळ्या मुली लावतात, गणवेशच आहे. हायलंड नृत्य करणाऱ्या मुली मात्र किल्टवर स्पॉरन लावत नाहीत, पुरुष नर्तक लावतात. एरवी बायकांच्या किल्टसारख्या स्कर्टवर स्पॉरन लावायची पद्धत नाही, हातात पर्स असते.


काकू_कॅरोलायना | ५ एप्रिल, संध्याकाळी ७.२०

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून हायलंड गेम्स भरतात, हल्ली जुलैत. आम्ही शेजाऱ्यांबरोबर तीनदा गेलोय. ओंडका उभा धरून फेकतात ते बघायला माझा मुलगा वेडा होतो.

तिथे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात. कुळांचे तंबू लावणारी वडीलधारी मंडळी पूर्ण पोशाखात. तरुण मुलं खिसे असलेल्या किल्टमध्ये. सिअॅटलच्या एका कंपनीने २००० च्या सुमारास जाड सुती कापडाचे, दोन्ही बाजूंना मोठे खिसे असलेले किल्ट काढले, त्यानंतर हा प्रकार पसरला. त्यांना ना स्पॉरन लागत ना पाउच.

एक सूचना सगळ्यांसाठी. सीलच्या कातडीचा स्पॉरन घेऊन अमेरिकेत येऊ नका. १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामुळे तो सहसा आणता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका पाइपवाल्या गृहस्थांचा वडिलांकडून आलेला स्पॉरन विमानतळावर काढून घेतला. ते अजून त्याबद्दल बोलताना गप्प होतात.

आणि आम्ही पाउचला इथे ज्या नावाने ओळखतो तो ‘फॅनी पॅक’ शब्द ब्रिटनच्या दुकानात उच्चारू नका. माझ्या भाच्याने लंडनमध्ये विचारला आणि काउंटरवरची बाई लालबुंद झाली.


क्लाइडकाठ | ५ एप्रिल, रात्री ८.००

खरं आहे, इकडे तो शब्द वंगाळ आहे. ‘बम बॅग’ म्हणायचं.

मंडळी, इतकं मनापासून लिहिताय, सगळं वाचतोय. शिलाईवाली ताई, वेल्क्रोचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बायकोने आणलेल्या पाउचला पुढच्या कप्प्याला वेल्क्रोच आहे.


रानवाट | ५ एप्रिल, रात्री ८.०४

फोटो!


केळनाकाठ | ६ एप्रिल, सकाळी ६.५०

थोडं अवांतर, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मी जालना जिल्ह्यातला. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. वेलस्लीच्या सैन्यात ७४ आणि ७८ या दोन हायलंड पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांनी ७४ व्या पलटणीची जवळजवळ चाळण केली. पुढे या दोन्ही पलटणींना ‘असई’ हा सन्मान आणि हत्तीचं चिन्ह मिळालं.

लहानपणी आजोबांबरोबर त्या शिवारातून जायचो तेव्हा ते नांगरताना सापडलेल्या गोळ्यांच्या गोष्टी सांगायचे. स्कॉटलंडच्या खेड्यातली पोरं आमच्या केळनेच्या काठी येऊन मेली, आणि आमचीही मेली. क्लाइडकाठ, तुम्ही एडिंबराला कधी गेलात तर किल्ल्यात युद्धसंग्रहालय आहे. तिथे असईच्या आठवणीचं काही दिसलं तर क्षणभर थांबा. आमच्या गावाकडून.


मृगनक्षत्र | ६ एप्रिल, सकाळी ८.१५

केळनाकाठ, अवांतर अजिबात नाही. १८८१ मध्ये ७८ वी पलटण सीफोर्थ हायलंडर्समध्ये आणि ७४ वी हायलंड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली, पण असईचा हत्ती पुढेही चालत राहिला. याच्यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा.


खडकवाट | ६ एप्रिल, रात्री ९.१०

मूळ प्रश्नावर येतो, कारण प्रत्यक्ष किल्टमध्ये लांब चाललेलं इथे कुणी दिसत नाही. मी चाललोय. ग्लासगो ग्रीनपासून लॉख लोमंड सरोवराजवळच्या बलॉखपर्यंत, किल्टवॉक या किल्ट नेसून चालायच्या सामूहिक कार्यक्रमात, वीस मैलांवर अंतर होतं. आणि ग्लेनकोमध्ये दोनदा.

पहिल्या वेळी पाउच पुढे पोटावर बांधला. सपाट रस्त्याला उत्तम. फोन हाताशी, खाणं हाताशी. तीन तासांनी मात्र त्याच्या पट्टीखाली किल्टची कमर भिजून चिंब झाली, कारण किल्ट नेसतात बेंबीपाशी आणि पट्टीही तिथेच येते. उजव्या कुशीला किल्टचं स्वतःचं बकल असतं. ते पट्टीखाली दाबलं जाऊन तिथे लाल वळ उठला, पाच-सहा दिवस राहिला.

दुसऱ्या वेळी स्पॉरन. चढावर गुडघा उचलला की प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो. दोनकाड्या म्हणतात तसा डाव्या कुल्ल्यावर सरकवला आणि मग त्रास नाही. पण तुम्ही सात दिवस जाताय, म्हणजे पाठीवर सॅक असणार. सॅकचा कमरपट्टा कुठे बसणार, पाउच कुठे, हे घरी आरशासमोर नाही कळत. एक दिवस सगळं सामान भरून डोंगरावर जाऊन या. बाकी सगळ्या चर्चेपेक्षा त्याने जास्त कळेल.

आणखी एक, जो कुणी सांगत नाही. पावसात किल्टची खालची कड भिजली की गुडघ्याच्या मागची कातडी सोलवटते. व्हॅसलिन न्या.


सुरगाठ | ६ एप्रिल, रात्री ९.३२

खडकवाट, असा प्रतिसाद हवा. वाचनखूण साठवली.


दोनकाड्या | ७ एप्रिल, सकाळी ७.४०

पिशवीच्या सुरक्षिततेचा विषय कुणी काढला नाही म्हणून सांगतो. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्पॉरनची एक जुनी पितळी-पोलादी कड आहे. तिच्या आत चार छोटी पिस्तुलं लपवलेली आहेत. परक्याने उघडायला जावं तर ती उडावीत अशी रचना. मी काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत होतो, एवढ्याशा जागेत कारागिराने ते कसं बसवलं असेल.


भुईकमळ | ७ एप्रिल, सकाळी ८.०१

आजोबांच्या कशाला हे हवं होतं. बैलबाजारात एकदा कापला गेला होता.


क्लाइडकाठ | १४ एप्रिल, रात्री १०.२०

मंडळी, खडकवाट यांचं ऐकलं. शनिवारी बालमाहाहून कॉनिक हिल चढून आलो. उंची ३६१ मीटर, पण वेस्ट हायलंड वे त्याच्याच अंगावरून जातो, म्हणून तोच निवडला. पाठीवर पूर्ण भरलेली सॅक, नऊ किलो. बरोबर पाउच आणि स्पॉरन दोन्ही.

चढताना पाउच बांधला. शिलाईवाली ताईंनी सांगितलं तसा, वेल्क्रो नसलेला, डाव्या कुशीला. पहिल्या वीस मिनिटांतच कळलं की सॅकचा कमरपट्टा आणि पाउचची पट्टी एकाच जागेसाठी भांडतायत. कमरपट्टा आवळला की पाउच वर सरकून बरगडीला लागतो. पाउच नीट केला की कमरपट्टा ढिला पडतो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. तीनदा थांबून बांधलं. वर पोचलो, लॉख लोमंड आणि त्यातली बेटं समोर एका रेषेत दिसत होती, आणि मी पट्ट्या सोडवत बसलो होतो.

उतरताना पाउच सॅकमध्ये टाकला आणि आजोबांचा स्पॉरन बांधला. साखळी काढून सपाट पट्टा लावला होता. तो पट्टा सॅकच्या कमरपट्ट्याखाली गुपचूप बसला. स्पॉरन बकलाखाली चार बोटं, म्हणजे कमरपट्ट्याच्या पुरता खाली. दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. उतारावर मांडीवर आपटत होता, तेव्हा कुल्ल्यावर सरकवला. खाली बालमाहाच्या जवळ जंगलात वारा सुटला, तेव्हा परत पुढे आणला.

त्यात काय मावतं तेही बघितलं. दम्याचा पंप, घराची किल्ली, एक बँकेचं कार्ड, चिलटांच्या औषधाची छोटी बाटली आणि चिक्कीचे चार तुकडे. पंप झाकण उघडताच हाताला लागतो, न बघता काढता येतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं. फोनसाठी सॅकच्या खांद्याच्या पट्टीला एक छोटी थैली लावली.

तेव्हा स्पॉरन नेतोय. सॅक नसती तर मी पाउच नेला असता, हेही तितकंच खरं. एका दिवसाच्या फिरण्याला तोच बरा.


देवराई | १४ एप्रिल, रात्री १०.४१

फार आनंद झाला. आणि माझी दुरुस्ती करून घेतो. तुम्ही सॅकच्या पट्ट्यावरून ठरवलंत, मी नुसतं मानापमानावरून ठरवत होतो.


शिलाईवाली | १५ एप्रिल, सकाळी १०.१०

खांद्याच्या पट्टीला थैली लावली हे छान केलंत. एक करा. स्पॉरनची मागची शिलाई तपासा, पट्टा ज्या कड्यांत ओवतात तिथली. चाळीस वर्षांचा दोरा आहे. चामडं टिकतं, दोरा कुजतो. दोरा नखाने खेचून बघा, तुटला तर मेणाच्या दोऱ्याने पुन्हा दोन सुयांनी शिवून घ्या. जुन्याच भोकांतून शिवा, नवी भोकं पाडू नका.


क्लाइडकाठ | १५ एप्रिल, रात्री ९.०५

ताई, तपासलं. डाव्या कड्याचा दोरा हातातच आला. आज संध्याकाळी आजोबांकडे घेऊन गेलो. त्यांनी खालच्या खणातून आरी आणि मेणाचा गोळा काढला. आम्ही दोघांनी मिळून शिवलं, जुन्याच भोकांतून. त्यांचा हात थरथरतो म्हणून सुई मी धरली, दोरा ते ओढत होते.

रानवाट, फोटो आता टाकतो.


रानवाट | १५ एप्रिल, रात्री ९.०७

वाट बघतोय.